एक वर्ग डोंगरातही भरावा

आपल्या वर्गाची सहल यंदा ठेवावी की नाही, यावर मागच्या पालकसभेत दोन मते पडली. वर्षाला जेमतेम तीस रविवार मिळतात, त्यांतला एक भटकण्यात कशाला घालवायचा, असे काही पालकांचे म्हणणे पडले. आम्हां मोठ्या गटातील मुलामुलींचे मत वेगळे आहे. सहल ठेवावी, ती शेनांडोआ राष्ट्रीय उद्यानातच न्यावी आणि तो दिवस वर्गाचाच एक दिवस धरावा. फक्त एक अट आहे: गाडीतून नव्हे, पायी.

शेनांडोआ आपल्यापैकी कोणाला नवे नाही. वॉशिंग्टनपासून पाऊणशे मैलांवर तर आहे. ऑक्टोबरात पाने लाल-पिवळी झाली की आपली निम्मी मंडळी तेथेच भेटतात. स्कायलाइन ड्राइव्ह हा १०५ मैलांचा रस्ता डोंगराच्या माथ्यावरून जातो. ताशी ३५ मैलांची मर्यादा, पुढे गाड्यांची रांग, मध्येच एखाद्या कठड्यापाशी उतरायचे, फोटो काढायचा, वडे खायचे आणि पुढच्या कठड्याकडे निघायचे. देखावा सुंदर असतो, यात वाद नाही. पण याच उद्यानात ५०० मैलांहून जास्त पायवाटा आहेत, आणि या डोंगराची खरी गोष्ट रस्त्यावरून दिसत नाही.

आम्हांला ती या वर्षी वर्गातल्या प्रकल्पासाठी वाचताना कळली. हे जंगल कायमचे जंगल नव्हते. येथे गावे होती, शेते होती, सफरचंदाच्या बागा होत्या. १९२६ साली अमेरिकन काँग्रेसने उद्यानाला मंजुरी दिली, पण जमीन राज्याने मिळवून द्यायची होती. व्हर्जिनियाने १९२८ साली कायदा करून ती सक्तीने ताब्यात घेतली. मालकांना मोबदला मिळाला. जे कूळ म्हणून राहत होते त्यांना जमिनीचा पैसा मिळाला नाही. सुमारे ५०० कुटुंबांना डोंगर सोडावा लागला. २६ डिसेंबर १९३५ रोजी उद्यान स्थापन झाले आणि पुढच्या जुलैत अध्यक्ष रूझवेल्ट यांनी बिग मेडोज येथे त्याचे लोकार्पण केले. काही थोड्या म्हाताऱ्या माणसांना मरेपर्यंत राहण्याची परवानगी मिळाली. त्यांतल्या शेवटच्या आजी १९७९ साली वारल्या. म्हणजे आमच्यापैकी काहींचे आईबाबा तेव्हा शाळेत जात होते!

ही डोंगरातली माणसे अडाणी आहेत, जगापासून तुटलेली आहेत, असे त्या काळी पुस्तकांतून छापले गेले. त्यांना हलवणे हे त्यांच्याच भल्याचे, असे सांगायला ते सोयीचे होते. १९९० च्या दशकात संशोधकांनी तेथील तीन खोऱ्यांत घरांच्या जागा उकरून पाहिल्या, तेव्हा चांगल्या बशा, मुलांची खेळणी, औषधांच्या बाटल्या आणि गाण्याच्या तबकड्यांचे तुकडे सापडले. ‘तुमच्या देशात वीज आहे का?’ असा प्रश्न ज्यांना शाळेत कोणी ना कोणी विचारलेला आहे, त्या आम्हां मुलांना ही गोष्ट फार जवळची वाटली.

उद्यान झाले हे वाईट झाले, असे आमचे म्हणणे नाही. जेथे अस्वले जवळजवळ नाहीशी झाली होती तेथे आज ती शेकड्यांनी आहेत. उघड्या पडलेल्या उतारांवर पुन्हा दाट झाडी आली आहे. पण ज्या सावलीत बसून आपण डबा उघडतो ती कोणाच्या अंगणात पडली आहे, हे ठाऊक असावे. हा प्रश्न केवळ अमेरिकेचा नाही. सह्याद्रीत चांदोली राष्ट्रीय उद्यान २००४ साली जाहीर झाले. तेथलीही गावे उठवून दुसरीकडे वसवली गेली. जंगल वाचवायचे आणि माणसालाही न्याय द्यायचा, हे कसे जमवावे? यावर मराठीत वाद घालता आला, तर तो आमच्या मते वर्षातला सर्वांत चांगला तास ठरेल.

आता भाषेविषयी. वर्गात आम्ही ‘डोंगर’ आणि ‘झाड’ शिकलो, आणि गाडी तेथेच थांबली. पायवाटेवर चालताना मात्र शब्दांची गरज पडते: चढण, उतार, खिंड, ओढा, पाचोळा, शेवाळ, पालवी. डिकी रिज येथील केंद्रासमोरून फॉक्स हॉलो नावाची सव्वा मैलाच्या आतली वाट निघते. तेथे शेतकऱ्यांनी शेतातून वेचून रचलेले दगडांचे ढीग आहेत, जुन्या भिंती आहेत, एका कुटुंबाची छोटी दफनभूमी आहे. तेथे कोकणातले एखादे आजोबा बरोबर असले, तर नुसत्या रचलेल्या दगडांच्या त्या भिंतीला ‘गडगा’ म्हणतात आणि घराच्या उरलेल्या पायाला ‘जोते’, हे ते न विचारता सांगतील. असे शब्द फळ्यावर लिहून पाठ होत नाहीत. ज्या वस्तूचा शब्द, ती वस्तू पायाला लागली पाहिजे.

आजी-आजोबांना चालवणार नाही, ही अडचण खरी आहे. पण लिंबरलॉस्ट ही सव्वा मैलाची सपाट वाट चाकांच्या खुर्चीसाठीही बांधलेली आहे. तेथल्या जुन्या हेमलॉक वृक्षांपैकी शंभर झाडे ॲडी पोलॉक या बाईंनी लाकूडतोड्यांना झाडामागे १० डॉलर देऊन वाचवली होती. पुढे आशियातून आलेल्या एका बारीक किड्याने हेमलॉक मारले. आता तेथे दुसरी झाडे वाढत आहेत. हे ऐकून आजींना सांगण्यासारखे बरेच काही आठवेल, असा आमचा अंदाज आहे.

म्हणून आमची सूचना अशी. सहल ऑक्टोबरातल्या गर्दीत न नेता मे महिन्यातल्या एका रविवारी न्यावी. प्रत्येक लहान मुलाबरोबर एक मोठा विद्यार्थी आणि शक्यतो एक आजी किंवा आजोबा असावेत. प्रत्येकाने दहा नवे शब्द वहीत उतरवून आणावेत. खाणे गाडीत बंद ठेवावे, कारण अस्वलांनाही वड्यांचा वास येतो. कचरा सगळा परत आणावा, आणि दफनभूमीत आरडाओरडा नको.

शब्दांच्या याद्या करण्याचे आणि लहानांना सांभाळण्याचे काम आम्ही घेऊ. पालकांनी फक्त एक रविवार द्यावा. पुढची सभा होण्यापूर्वी आपले मत, विरोधी असले तरी, बाईंकडे लिहून द्यावे. मराठीत लिहिलेत तर आम्हांला वाचायला अधिक आवडेल!

— मोठ्या गटातील विद्यार्थी