विमान किती उंचीवर होतं, हे आधी विचारा

२ ऑगस्ट २०१७. लिस्बनच्या दक्षिणेला कोश्ता द कापारिकाची पुळण, ऐन सुट्टीच्या दिवसांतली गर्दीची दुपार. शिकाऊ वैमानिकाला घेऊन निघालेल्या सेसना १५२ या दोन आसनी विमानाचं इंजिन वाटेत बंद पडलं आणि ते वाळूवर उतरवण्यात आलं. आतले दोघे सुखरूप बाहेर आले. वाळूवरचा ५६ वर्षांचा एक माणूस आणि आईवडिलांबरोबर आलेली आठ वर्षांची मुलगी मात्र गेली. तिथल्या लोकांनी तेव्हाच विचारलं, शेजारी एवढा समुद्र होता, मग पाण्यात का नाही उतरवलं?

मी अलिबागला मोटार अपघाताचे दावे चालवते. मयताचे वारस माझ्यासमोर बसतात तेव्हा त्यांचाही पहिला प्रश्न असाच शेवटच्या क्षणाचा असतो: ब्रेक का नाही मारला? प्रश्न रास्तच आहे. पण दाव्याचा निकाल बहुतेक वेळा त्याच्या आधीच्या गोष्टींवर लागतो. गाडीचा वेग किती होता, टायर कसे होते, चालक किती तास जागा होता? विमान किनाऱ्यावर उतरतं तेव्हाही चौकशी तिथूनच सुरू व्हायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

इंजिन बंद पडलं की सेसना १५२ दगडासारखं खाली येत नाही, ते तरंगत उतरतं. वेग ताशी ११० किलोमीटरच्या आसपास असतो आणि हजार फुटांवर असेल तर वैमानिकाच्या हातात जेमतेम दीड मिनिट उरतं. तेवढ्यात इंजिन पुन्हा चालू करून बघायचं, रेडिओवर कळवायचं आणि जागाही शोधायची. पाण्यात उतरवलं तर खालची स्थिर चाकं अडकून विमान उलटण्याची भीती असते, म्हणून हात आपोआप वाळूकडे वळतो. त्या दीड मिनिटातल्या माणसाला गुन्हेगार ठरवायची घाई मला नाही. संकटात नियम मोडायची मुभा जवळपास सगळ्या देशांचे कायदे वैमानिकाला देतात आणि ती असायलाच हवी.

पण त्याच नियमांत आणखी एक वाक्य आहे आणि त्याची चर्चा फारशी कोणी करत नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या हवाई नियमांनुसार, दाट वस्तीवरून किंवा उघड्यावर जमलेल्या माणसांवरून जाताना विमान इतकं उंच हवं की, अडचण आलीच तर खालच्या माणसांना आणि मालमत्तेला अवाजवी धोका न होता ते उतरवता येईल. अमेरिकेचा नियमही जवळपास याच शब्दांत आहे. म्हणजे इंजिन बंद पडण्याची शक्यता नियमाने आधीच गृहीत धरली आहे. त्यामुळे गर्दीच्या किनाऱ्यावरून कमी उंचीवर उडायचं ठरलं, तिथेच जबाबदारी सुरू होते. हा मार्ग आणि ही उंची कोणी निवडली, वैमानिकाने, प्रशिक्षण संस्थेने की मोठ्या विमानतळाच्या हवाई हद्दीखालून जायला लावणाऱ्या यंत्रणेने, हे न्यायालयाने तपासायला हवं.

वाळूवरच्या माणसाने सावध राहावं, असं कोणी म्हणेल. १५ मार्च २०१० ला अमेरिकेत हिल्टन हेड बेटावर एक माणूस कानात गाणी लावून किनाऱ्यावर धावत होता. पंखा निखळलेलं, समोरच्या काचेवर तेल पसरलेलं लँकेअर विमान मागून आलं आणि त्याला धडकून गेलं. वैमानिकाला समोरचं दिसत नव्हतं. इंजिन बंद पडलेलं विमान गुरगुरत येत नाही आणि त्यात लाटांचा आवाज असतो. मग कशाने सावध व्हायचं?

किनाऱ्यावर विमान उतरवणंच वाईट, असं मी म्हणत नाही. स्कॉटलंडच्या बारा बेटावर प्रवासी विमानं वेळापत्रकानुसार ओहोटीच्या वाळूवर उतरतात, पण तिथे वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा फडकत असेल तर लोकांनी त्या वाळूवर पाऊल ठेवायचं नाही. अमेरिकेत राष्ट्रीय उद्यान सेवेच्या ताब्यातल्या किनाऱ्यावर नेमून दिलेली जागा सोडून हौसेने विमान उतरवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद आणि ५,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. जागा कोणाची आणि कधी, हे दोन्हीकडे आधीच ठरलेलं आहे.

आता आपल्याकडे पाहू. ओहोटीला कुलाबा किल्ल्याकडे घोडागाड्या निघतात तेव्हा अलिबागची वाळू माणसांनी भरलेली असते. उद्या तिथे एखादं विमान उतरलं आणि कोणी दगावलं तर फौजदारी बाजू भक्कम आहे. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ आहे, शिवाय २०२४ चा भारतीय वायुयान अधिनियम आहे. पण वैमानिकाला शिक्षा झाली म्हणून वारसांच्या घरी पैसे येत नाहीत. त्याच वाळूवर जीपने उडवलं असतं तर मी मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा लावला असता. थर्ड पार्टी विमा सक्तीचा असतो आणि कोणाची चूक हे सिद्ध न करताही मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली मृत्यूसाठी पाच लाख मागता येतात. विमानासाठी हे न्यायाधिकरण नाही. विमानातल्या प्रवाशासाठी १९७२ चा हवाई वाहतूक कायदा आहे, खालच्या माणसाला तो लागू नाही. जून २०२५ मध्ये अहमदाबादला विमान कोसळून जमिनीवरची १९ माणसं गेली, तेव्हा हा फरक साऱ्या देशासमोर आला. निरपेक्ष दायित्वाचं, म्हणजे चूक सिद्ध न करताही भरपाईचं, तत्त्व लावा, असा युक्तिवाद मी दिवाणी न्यायालयात जरूर करेन, पण युक्तिवाद म्हणजे हक्क नव्हे. त्याला वर्षं जातात आणि तोवर घरात कमावतं कोणी नसतं.

ब्रिटनच्या १९८२ च्या नागरी विमान वाहतूक कायद्याचं कलम ७६ हा हक्क थोडक्यात देतं: विमानामुळे जमिनीवर किंवा पाण्यावर कोणाचं नुकसान झालं तर निष्काळजीपणा सिद्ध न करता मालकाकडून भरपाई मिळते. असं एक कलम आपल्या अधिनियमात घालावं आणि त्याचे दावे जिल्ह्यातल्या मोटार अपघात न्यायाधिकरणाकडेच सोपवावेत. त्याबरोबर आणखी एक तरतूद हवी. विमान अपघाताचा तपास पुढचे अपघात टाळण्यासाठी असतो, दोष ठरवण्यासाठी नसतो, आणि ते योग्यच आहे. पण अपघाताच्या आधी विमान किती उंचीवरून, कोणत्या मार्गाने येत होतं, ही नोंद वारसांना अर्ज केल्यावर मिळायला हवी. ट्रकच्या अपघातात पंचनाम्याची नक्कल मला मागता येते, तशीच ही नोंद मागता आली पाहिजे.