निष्ठावंत प्रेक्षकाची जबाबदारी

ज्या कलाप्रकाराची ‘मुलांची करमणूक’ अशी संभावना करून जाणत्यांनी त्याकडे पाठ फिरविली, त्याचे गुणदोष कोणी पारखावयाचे? जपानी ॲनिमेशनपटांच्या, म्हणजेच ‘ॲनिमे’च्या, बाबतीत या प्रश्नाचे उत्तर इतिहासानेच दिले आहे. ते काम निष्ठावंत प्रेक्षकांनी केले. एकच कृती वर्षानुवर्षे पुनःपुन्हा पाहणारा, तिच्यावर तावातावाने वाद घालणारा आणि प्रसंगी तिची कठोर चिकित्सा करणारा चाहता हाच या कलेचा पहिला समीक्षक होय. ही गोष्ट निःसंशय गौरवाची आहे. परंतु या अधिकाराबरोबर जी जबाबदारी येते, तिचा विचार चाहतेमंडळी क्वचितच करताना दिसतात.

हा अधिकार त्यांना कोणी बहाल केलेला नाही; तो त्यांनी मिळविला आहे. ऑक्टोबर १९७४ मध्ये ‘स्पेस बॅटलशिप यामातो’ ही मालिका जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली. रविवारी सायंकाळी त्याच वेळेला दुसऱ्या वाहिनीवर इसाओ ताकाहाता यांनी दिग्दर्शित केलेली ‘हायडी’ दाखविली जात होती. आल्प्सच्या कुरणांतील त्या मुलीपुढे अंतराळातल्या युद्धनौकेचा निभाव लागला नाही आणि ‘यामातो’ २६ भागांतच आटोपती घ्यावी लागली. वाहिनीच्या हिशेबी हा विषय तेथेच संपला होता. पण चाहत्यांनी मंडळे स्थापन केली, मालिकेची चर्चा जागती ठेवली आणि १९७७ मध्ये तिच्याच भागांतून संकलित केलेला चित्रपट लागला, तेव्हा चित्रपटगृहांपुढे रांगा लागल्या. ‘मोबाइल सूट गंडम’ ही योशियुकी तोमिनो यांची मालिकाही १९८० च्या जानेवारीत ४३ भागांवर अकाली बंद झाली होती. पुनःप्रक्षेपणाने आणि प्रेक्षकांच्या चिकाटीने तिला पुनर्जन्म दिला. आज या दोन्ही कृतींवाचून जपानी ॲनिमेशनचा इतिहास लिहिता येणार नाही. प्रेक्षकसंख्येच्या आकड्यांनी दिलेला निकाल चाहत्यांनी फिरविला, तो असा.

याच प्रेक्षकवर्गासाठी १९७८ मध्ये ‘ॲनिमेज’ हे मासिक निघाले. हायाओ मियाझाकी यांची ‘नौसिका’ ही चित्रकथा १९८२ पासून त्यात क्रमशः येऊ लागली, १९८४ मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला आणि पुढच्याच वर्षी त्या मासिकाच्या प्रकाशनसंस्थेच्या पाठबळावर ‘स्टुडिओ जिबली’ उभा राहिला. सारांश, चाहत्यांची चर्चा ही केवळ रिकामपणची बडबड नव्हती. तिच्यातून निर्मिती झाली.

तथापि निष्ठेला दोन व्याधी जडू शकतात. पहिली व्याधी मालकीच्या भावनेची. हिदेआकी आन्नो यांच्या ‘इव्हँजेलियन’चे शेवटचे दोन भाग मार्च १९९६ मध्ये दाखविले गेले, तेव्हा अपेक्षाभंग झालेल्या प्रेक्षकांपैकी काहींचा संताप धमक्यांपर्यंत गेला. आन्नो यांनी १९९७ च्या चित्रपटात असले संदेश क्षणभर पडद्यावरच झळकविले. शेवट पसंत न पडणे हा प्रेक्षकाचा हक्क आहे. आपल्या मनाजोगता शेवट कलावंताकडून वसूल करणे हा नव्हे. या कथेचा अखेरचा चित्रपट २०२१ मध्ये आला. ज्यांनी मूळ मालिका शाळकरी वयात पाहिली, ते तोवर चाळिशीकडे झुकले होते. त्यांतील कित्येकांना १९९६ चा शेवटही नव्याने उमगला असेल, तर नवल नाही. आपला जुना अभिप्राय पुन्हा तपासून पाहण्याची ही संधी पहिल्याच आठवड्यात मत देऊन मोकळे होणाऱ्यास मिळत नाही. दीर्घ स्मरण हे चाहत्याचे खरे सामर्थ्य आहे.

दुसरी व्याधी अधिक सूक्ष्म, म्हणूनच अधिक घातक आहे. चाहता कथेची चिरफाड करतो, पात्रांची वंशावळ मुखोद्गत ठेवतो; पण ती पात्रे ज्यांनी काढली, त्या हातांची वास्तपुस्त करीत नाही. ओसामु तेझुका यांच्या ‘ॲस्ट्रो बॉय’चे प्रक्षेपण १ जानेवारी १९६३ रोजी सुरू झाले. दर आठवड्याला भाग पुरा करण्यासाठी सेकंदाला लागणाऱ्या २४ चौकटींसाठी चित्रे कमीत कमी काढावयाची, एकेक चित्र अनेक चौकटींत वापरावयाचे, अशी काटकसर करण्यात आली आणि खर्चही भरून निघणार नाही अशा मोबदल्यात मालिका वाहिनीला देण्यात आली. तेझुका यांच्या निधनानंतर, १९८९ मध्ये, मियाझाकी यांनी या पायंड्यावर उघड टीका केली. तारुण्यात तेझुका यांच्या प्रभावातून बाहेर पडण्यासाठी झगडलेल्या कलावंताने केलेली ही टीका होती. आदर आणि परखडपणा एकत्र नांदू शकतात, याचा हा उत्तम दाखला होय.

अल्प मोबदल्याचा दोष एकट्या तेझुका यांच्या माथी मारावा की नाही, याविषयी मतभेद आहेत. वस्तुस्थितीविषयी मात्र नाहीत. २०२३ मध्ये या व्यवसायाची उलाढाल तीन लाख कोटी येनच्या पुढे गेली आणि त्यातील निम्म्याहून अधिक रक्कम जपानबाहेरून आली. तरीही हालचालींमधली मधली चित्रे काढणाऱ्या अनेक तरुणांना आजही नगावर पैसे मिळतात. प्रकाशक, वाहिन्या, खेळण्यांच्या कंपन्या भांडवल घालतात आणि नफा वाटून घेतात. चित्रनिर्मिती करणाऱ्या संस्थेच्या वाट्याला बहुधा ठरीव रक्कमच येते.

ही रीत अटळ आहे, असे मात्र नाही. क्योटो ॲनिमेशन या संस्थेने आपल्या चित्रकारांना पगारी नोकरीत घेऊन स्वतः शिकविण्याची वेगळी वाट चोखाळली. १८ जुलै २०१९ रोजी एका माथेफिरूने तेथे लावलेल्या आगीत ३६ जण मृत्युमुखी पडले, तेव्हा देशोदेशींच्या लोकांनी ३०० कोटी येनहून अधिक मदत पाठविली. श्रेयनामावलीत ओझरती दिसणारी नावे त्या दिवशी अनेकांनी प्रथमच लक्षपूर्वक वाचली असतील. त्यासाठी एवढा अनर्थ घडावा लागला, हे दुर्दैव.

भारतीय प्रेक्षकही या विचारापासून अलिप्त राहू शकत नाही. युगो साको, राम मोहन आणि कोइची सासाकी यांचा १९९३ मधील ‘रामायण’ हा भारत-जपान सहकार्यातून झालेला चित्रपट प्रारंभी येथे उपेक्षितच राहिला. लहानपणी तो दूरचित्रवाणीवर पाहिलेल्या पिढीने त्याची आठवण जपली आणि जानेवारी २०२५ मध्ये तो भारतातील चित्रपटगृहांत पुन्हा लागला. म्हणजे कृती जिवंत ठेवण्याचे काम येथल्या चाहत्यांनाही साधते. आता त्यापुढचे पाऊल टाकावयास हवे. एखाद्या ॲनिमेशनपटाचे परीक्षण करताना कथा कशी, शेवट कसा, यांच्या जोडीला हे चित्र कोणी काढले, किती अवधीत काढले आणि त्याचे त्यास काय मिळाले, हेही विचारले पाहिजे. असे प्रश्न आकड्यांवर चालणारा बाजार विचारणार नाही. ते निष्ठावंत प्रेक्षकालाच विचारावे लागतील.