सवलत कोणाला, सुटे भाग कोणाचे?

कोणते उद्योग, कुठे आणि कोणाच्या हातून वाढावेत हे सरकारने ठरवायचे आणि त्यासाठी जमीन, पैसा, करसवलत किंवा संरक्षण द्यायचे, याला औद्योगिक धोरण म्हणतात. १९९१ नंतर भारतात या शब्दाला परवाना राजचा वास येऊ लागला आणि अर्थतज्ज्ञ तो जपूनच वापरू लागले. गेल्या दहा वर्षांत तो जगभर परतला आहे. चीनने २०१५ मध्ये ‘मेड इन चायना २०२५’ जाहीर केले. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेने चिप उद्योगासाठी सुमारे ५२ अब्ज डॉलरची तरतूद करणारा कायदा केला. भारताने २०२० पासून उत्पादनाशी जोडलेली प्रोत्साहन योजना, म्हणजे पीएलआय, आणली.

मराठवाड्यापुरते पाहिले तर हे धोरण कधी गेलेच नव्हते. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि १९६४ मध्ये सामूहिक प्रोत्साहन योजना आली. मुंबई-पुण्याच्या बाहेर जाणाऱ्या कारखान्याला सवलत, असा तिचा सरळ हिशेब होता. औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) चिकलठाणा आणि वाळूज या औद्योगिक वसाहती त्यातूनच उभ्या राहिल्या. १९९१ नंतर दिल्लीतले परवाने गेले. मागास भागाच्या सवलती राहिल्या.

१९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. त्याच वर्षी औरंगाबादेत ॲल्युमिनियम डाय कास्टिंगची दोन यंत्रे घेऊन सुरू झालेला पुरवठादार आज एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज म्हणून ओळखला जातो आणि त्याचे कारखाने इटली, जर्मनीतही आहेत. सुटे भाग बनवणाऱ्या व्हॅरॉकची सुरुवातही इथलीच. सवलत मिळाली मोठ्या कारखान्याला. पण माल जवळून घ्यावा लागत असल्यामुळे कसब शेजारच्या शेडमध्ये उतरले. चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूमने डाय आणि मोल्ड बनवणारे हात तयार केले. सवलतींच्या चर्चेत या संस्थेचे नाव क्वचितच निघते, हे नवलच.

जवळच्याच शेंद्र्याची गोष्ट वेगळी आहे. २००१ पासून स्कोडाच्या गाड्या इथे जोडल्या जातात. तयार गाडीवरील आयात शुल्क जबर आणि सुट्या संचावरील त्यामानाने कमी, म्हणून संच आणून जोडणे परवडते. शुल्काच्या या फरकाने कारखाना आणला, रोजगारही दिला. पण संच बाहेरून येत असताना स्थानिक प्रेस शॉपला काम मिळणार कुठून? त्याच समूहाने स्थानिक सुट्या भागांवर भर देऊन बनवलेल्या कुशाक आणि स्लाविया या गाड्या चाकणला तयार होतात.

नव्या टप्प्यात शेंद्रा आणि बिडकीन मिळून सुमारे १०,००० एकरांवर ‘ऑरिक’ ही औद्योगिक नगरी दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरमध्ये उभी राहत आहे. एमआयडीसी आणि केंद्राचा कॉरिडॉर विकास न्यास यांची ही भागीदारी. पाणी, सांडपाणी, वीज भूखंडाच्या दारापर्यंत. शेंद्र्यात दक्षिण कोरियाच्या ह्योसंगचा स्पॅन्डेक्स धाग्याचा कारखाना आला. बिडकीनसाठी जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने राज्याशी सामंजस्य करार केला.

जुने धोरण जागा पाहून सवलत देई. पीएलआय विक्री पाहून देते. सप्टेंबर २०२१ मध्ये मंजूर झालेल्या वाहन उद्योगाच्या पीएलआयसाठी २५,९३८ कोटी रुपये ठेवले गेले. सुट्या भागांच्या उत्पादकासाठी समूहाची किमान उलाढाल ५०० कोटी आणि स्थिर मालमत्ता १५० कोटी, ही तिची अट. वाळूज-शेंद्र्यातील बहुतेक शेड इथेच बाद होतात. मात्र उत्पादनात किमान ५० टक्के मूल्य देशांतर्गत असावे, हीदेखील अट आहे. त्यामुळे मोठा कारखाना आपल्या व्हेंडरकडे आयात मालाचा हिशेब मागतो. हा हिशेब चोख ठेवणारा लहान उद्योग प्रोत्साहनाचा रुपया न घेताही साखळीत टिकू शकतो. आता कच्च्या मालाच्या उगमाची नोंद ही अकाउंटंटपुरती बाब राहिलेली नाही.

राज्याच्या विशेष सवलती मोठ्या प्रकल्पांना देताना बहुतेक वेळा गुंतवणूक आणि रोजगाराचे आकडे पाहिले जातात. ते पुरेसे नाहीत. पहिल्या पाच वर्षांत किती माल जिल्ह्यातून घेणार, हे करारात लिहून घेतले पाहिजे. बिडकीनचे मोठे प्रकल्प अजून उभे राहायचे आहेत. उद्योजक संघटनांनी हा आग्रह धरायचा तो आत्ताच.