आईच्या दारात लेकीला वाट कुठाय?

राणीसावरगावच्या रेणुकेच्या दर्शनाला नवरात्रात बायांची रीघ लागते. गावोगावच्या जत्रांचं हेच चित्र. पण कुबडी घेणारी, डोळ्यांनी न दिसणारी, गर्दीत जीव गुदमरणारी बाई? ती बहुधा घर राखते. 'तिच्यानं कसं व्हायचं?' असं म्हणून घरचेच तिच्या वतीनं ठरवून टाकतात. रांगेत घाबरून थरथरली तर म्हणतात, अंगात आलं! तिला हवी असते मोकळी हवा. मिळतो कुंकवाचा मळवट.

२५ जानेवारी २००५ ला मांढरदेवीच्या चेंगराचेंगरीत जवळपास तीनशे माणसं गेली. गर्दीची भीती हे बाईचं खूळ नव्हे.

२०१६ च्या अपंग हक्क कायद्यानं धार्मिक वास्तूही सार्वजनिक इमारतींत धरल्या. जुन्या इमारतींत अपंगांना सहज वावरता यावं म्हणून २०१७ च्या नियमांपासून पाच वर्षं दिली. ती २०२२ मध्ये सरली.

म्हणून प्रत्येक जत्रेत विचारू या: उतार कुठाय? कठडा? बसायला बाक? रांगेतून मधेच बाहेर पडायची वाट? कुणी उचलून न्यावं ही दया नको. देवीला आई म्हणायचं आणि तिच्या लेकींना घरात कोंडायचं, हा कुठला न्याय?