सभागृहातलं पर्यावरण

पाच जून जवळ आला की आमच्या केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचना पडू लागतात. प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक झाड, खड्ड्यासह फोटो, जिओ टॅग आवश्यक, लिंक आजच भरावी. मी पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळेच्या मागे माळ आहे. इथं लावलेलं झाड जगवायचं तर उन्हाळाभर पाणी घालावं लागतं. गवत मात्र कुणी न लावता दर पावसाळ्यात उगवतं. अशा माळावर खड्डे घेतले म्हणजे पर्यावरण जपलं असं होत नाही. हे मुलांना सांगायचं तर आधी ते शिक्षकाला माहीत हवं. आमच्या प्रशिक्षणांत नेमकं तेच राहून जातं.

विषय सक्तीचा आहे, त्याबद्दल वाद नाही. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करायला सांगितलं, २००३ मध्ये पुन्हा बजावलं. पुस्तकं आली. परिसर अभ्यास तर तिसरीपासून आहे. शिकवणाऱ्याची तयारी मात्र राज्य, जिल्हा, तालुका, केंद्र अशा पायऱ्या उतरत येते आणि शेवटच्या पायरीवर पीपीटी तेवढी शाबूत राहते. पडदे ओढलेलं सभागृह, वर पंखे, पडद्यावर बर्फाच्या तुकड्यावरचं अस्वल. चहा, हजेरीपट, ऑनलाइन चाचणी, प्रमाणपत्र. विहिरीच्या काठावर फळा टांगून पोहायला शिकवावं, तसा हा प्रकार.

अन्नसाखळीचंच घ्या. गवत, नाकतोडा, बेडूक, साप, गरुड ही साखळी आम्हा सगळ्यांना तोंडपाठ आहे. पण तुमच्या शाळेमागे कोण कुणाला खातं, असं विचारलं तर सभागृह गप्प होतं. आमच्या माळावर साखळीत मेंढी आहे, लांडगा आहे, खोकड आहे, उंदरांवर टपलेली कापशी घार आहे. मेंढीच्या लेंड्या मातीत मुरवणारे किडे आहेत, आणि कळप घेऊन फिरणारा धनगरही आहे. पुस्तकातली साखळी चुकीची नाही. ती कुठल्याच एका गावची नाही, एवढंच.

आमच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत मार्गदर्शनाची पाळी माझ्यावर आली, तेव्हा मी सगळ्यांना माळावर नेलं. गणपती होऊन गेले होते, गवत गुडघ्याला लागत होतं. चार खुंट्या आणि सुतळी घेऊन एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन आखायचा आणि आत जे सापडेल ते लिहायचं, एवढंच काम. सुरुवातीला यादीत ‘गवत’ हा एकच शब्द होता. मग आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी वाकल्या आणि बोट ठेवून सांगू लागल्या: ही पवन्या, ही मारवेल, हे कुसळ, हे जनावर कोवळं असतानाच खातं. यादी खाली सरकत गेली. दुसरा चौकोन वनीकरणासाठी खणलेल्या चराच्या कडेला आखला. तिथली यादी लगेच संपली. मग दोन्ही तोंडं कापलेला पत्र्याचा डबा जमिनीत थोडा ठोकून त्यात तांब्याभर पाणी ओतलं. गवतात ते बघता बघता मुरलं. शाळेच्या मैदानावर तेच पाणी तसंच साचून राहिलं. गवताची मुळं पाणी जिरवतात आणि माती धरून ठेवतात, हे त्यानंतर कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. खर्च सुतळीचा.

खरी परीक्षा वर्गात होते. “बाई, लांडगा चांगला की वाईट?” असं विचारणाऱ्या मुलाच्या घरची मेंढी आदल्याच आठवड्यात गेलेली असते. ‘जैवविविधतेचं रक्षण करा’ हे घोषवाक्य तिथं कामाचं नाही. लांडगा माळावर का टिकला, माळ घटला की तो मेंढ्यांच्या वाड्याकडे का वळतो, मेंढी मारली गेल्यास वनविभागाकडून भरपाई मिळते आणि त्यासाठी वेळेत पंचनामा करून घ्यावा लागतो, हे सगळं शिक्षकाच्या गाठीशी हवं. पर्यावरणाचे प्रश्न पोटाशी भिडलेले असतात. ते बाजूला ठेवून शिकवलेलं मुलं पाठ करतात आणि घरी जाऊन विसरतात.

माळाबद्दलचा हा अडाणीपणा शाळेपुरता नाही. इंग्रजांनी महसूल देत नाही म्हणून माळाला पडीक ठरवलं, आम्ही तो शिक्का पुसलाच नाही. २०१७ ते २०१९ या तीन वर्षांत राज्याने ५० कोटी झाडं लावण्याचं लक्ष्य ठेवलं, त्यात शाळाही होत्या. पण झाड कुठं लावू नये, हे आम्हाला कुणी शिकवलं नाही. आता वनविभागाने आमच्याच जिल्ह्यात कडबनवाडी आणि शिर्सुफळला गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. शहरातली माणसं पैसे भरून चिंकारा आणि लांडगा बघायला येतात. त्याच तालुक्यांतले शिक्षक पर्यावरणाच्या प्रशिक्षणासाठी सभागृहात बसतात.

नव्या शैक्षणिक धोरणात शिक्षकासाठी वर्षाला ५० तासांचं प्रशिक्षण सांगितलं आहे. त्यातले निदान दहा तास शाळेपासून चालत जाता येईल अशा जागी व्हावेत: माळ, ओढा, देवराई, खाडी, जे असेल ते. दरवेळी एकच संकल्पना घ्यावी आणि ती मोजून बघावी. मार्गदर्शक म्हणून वनरक्षक, मेंढपाळ, मावशी यांना बोलवावं आणि तज्ज्ञांना मिळतं ते मानधन त्यांनाही द्यावं. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. हरित लवादाने जानेवारी २०२० ची मुदत घातली तेव्हा अनेक ठिकाणी त्या घाईघाईने भरल्या गेल्या. त्या वह्या कपाटातून काढून शाळेकडे द्याव्यात. मुलं आणि शिक्षक मिळून दरवर्षी त्या दुरुस्त करतील. आमच्या तालुक्याला याहून चांगलं पूरक पुस्तक मिळणार नाही.

आणि प्रशिक्षणाची तारीख बदलावी. ऐन उन्हाळ्यात माळावर बघण्यासारखं गवत नसतं, म्हणून तर सभागृह सोयीचं वाटतं. प्रशिक्षण भाद्रपद-आश्विनात ठेवा, गवत तुऱ्यावर असताना. त्यासाठी शासन निर्णय लागत असेल तर तोही काढा. याहून किरकोळ गोष्टींसाठी निघालेले निर्णय आमच्या फायलीत आहेत.