भिंतीवरचे ऋतू

यंदाचा हा अंक वारली चित्रकलेचा. गेरूने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि टोक चेचलेली बांबूची काडी. एवढ्याच सामग्रीत डहाणू-तलासरीच्या पाड्यांनी आपलं वर्ष मांडलं. आवणी, कापणी, सुगीनंतर तारपा वाजवणाऱ्याभोवती धरलेला फेर. लग्नघरी पालघाट देवीचा चौक लिहिण्याचा मान सवाशिणींचा. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला लग्नाच्या भिंतीवरून कागदावर, पुढे जगभर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज तीच चित्रं कपांवर, कुर्त्यांवर सर्रास छापली जातात, चित्रकार मात्र निनावीच राहतो. वाचकहो, वारली चित्र विकत घ्याल तेव्हा ते काढणाऱ्याचं नाव आणि गाव जरूर विचारा.