पट्टा कमरेला, मान कोणाच्या शब्दाला?

१७ ऑगस्ट २०२२. रायपूरचे बलबीरसिंग जुनेजा इनडोअर स्टेडियम. बीजिंग ऑलिंपिकचा कांस्यपदक विजेता विजेंदर सिंग घानाच्या एलियासू सुलेसमोर उभा होता. सुले तोवर एकही व्यावसायिक लढत हरला नव्हता. विजेंदर मात्र मार्च २०२१ मध्ये गोव्यात रशियाच्या आर्तिश लोपसानकडून हरला होता. व्यावसायिक कारकिर्दीतला तो त्याचा पहिलाच पराभव. तो पुसून काढण्याची संधी त्याला १७ महिन्यांनी रायपूरने दिली, आणि दुसऱ्या फेरीतच सुलेला गारद करून त्याने ती साधली.

कोणताही जागतिक पट्टा त्या दिवशी पणाला लागलेला नव्हता. तरीही लढत पाहणाऱ्यांना कोण जिंकले आणि कसे जिंकले, हे कोणी समजावून सांगावे लागले नाही. मग पट्टा हवा कशाला? आणि पट्टा असला, तर तो खरा की खोटा हे ठरवायचे कोणी?

मुष्टियुद्धात हा प्रश्न फार जुना आहे. पूर्वी वजनाचे आठच प्रमुख गट होते आणि बहुतेक वेळा एका गटात एकच जगज्जेता असे. आज गट झाले १७. पट्टे देणाऱ्या प्रमुख संघटना चार: डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ. यांतली पहिली १९२१ मधल्या अमेरिकन संघटनेतून आलेली, दुसरी १९६३ ची आणि उरलेल्या दोन १९८० च्या दशकातल्या. सतरा चोक अडुसष्ट. म्हणजे एकाच वेळी ६८ जण स्वतःला जगज्जेता म्हणवू शकतात! त्यात ‘सुपर’ आणि ‘हंगामी’ विजेते धरले, तर संख्या आणखी वाढते.

एवढे पट्टे निघाले कसे? उत्तर सरळ आहे. विजेतेपदाच्या लढतीला मान्यता देताना संघटना शुल्क घेते. मुष्टियोद्ध्याच्या मानधनातला साधारण तीन टक्के हिस्सा तिकडे जातो. जितक्या लढती विजेतेपदाच्या, तितकी आवक जास्त. आयोजकालाही फलकावर ‘जागतिक विजेतेपद’ हे शब्द हवेच असतात. दुकान दोघांचेही चालते.

दुकान म्हटले की मापात पाप आलेच. २००० साली मरण पावलेला डॅरिन मॉरिस हा अमेरिकन मुष्टियोद्धा २००१ मध्ये डब्ल्यूबीओच्या क्रमवारीत वर सरकत पाचव्या क्रमांकापर्यंत पोहोचला. माणूस गेल्याचे संघटनेला ठाऊकच नव्हते! आयबीएफचे प्रकरण तर न्यायालयापर्यंत गेले. क्रमवारीसाठी पैसे घेतल्याच्या आरोपांवरून संस्थापक अध्यक्ष रॉबर्ट ली यांच्यावर खटला चालला. मुख्य आरोपांतून ते सुटले. पण पैशांचे बेकायदा व्यवहार आणि करचुकवेगिरीसाठी त्यांना २००१ मध्ये तुरुंगवासाची शिक्षा झाली.

खेळाडूंनाही हे कळत असते. १९९२ च्या डिसेंबरमध्ये रिडिक बोवने डब्ल्यूबीसीचा पट्टा लंडनमध्ये चक्क कचऱ्याच्या डब्यात टाकला. संघटनेने तो लेनॉक्स लुईसला देऊन टाकला. पुढे मे २०२४ मध्ये युक्रेनच्या ओलेक्सांद्र उसिकने रियाधमध्ये टायसन फ्युरीला हरवले आणि हेवीवेट गटाला जवळजवळ २५ वर्षांनी एकच निर्विवाद जगज्जेता मिळाला. काही आठवड्यांतच त्याला एक पट्टा सोडावा लागला. तो रिंगणात हरला नव्हता. संघटनेने ठरवलेल्या आव्हानवीराऐवजी तो फ्युरीशीच पुन्हा लढणार होता, एवढेच. २०२५ मध्ये डॅनियल डुबॉला हरवून त्याने तो पट्टा परत मिळवला.

हे सारे साता समुद्रापलीकडचे म्हणून हसण्यावारी नेता येईल. पण आपल्या लाल मातीत तरी काय वेगळे आहे? १९६१ पासून महाराष्ट्र केसरीची गदा हा मराठी मल्लाचा सर्वोच्च मान. संघटनेत दोन तट पडले आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये पुण्याजवळ फुलगावला सिकंदर शेख, तर धाराशिवला शिवराज राक्षे, असे एकाच महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी झाले. दोघांच्याही मेहनतीबद्दल शंका घ्यायला जागा नाही. घाम खराच होता. फूट पडली ती पाठीवर हात ठेवणाऱ्यांत.

याची झळ सर्वांत जास्त बसते ती सामान्य घरांना. मुलगा किंवा मुलगी पहाटे उठून सरावाला जाते, आई दुधाचा खर्च कसाबसा जमवते. एखाद्या ‘राष्ट्रीय’ किंवा ‘आंतरराष्ट्रीय’ स्पर्धेचे नाव ऐकून वडील प्रवेशशुल्क भरतात. चषक येतो, छायाचित्र भिंतीवर लागते. पुढे खेळाडूंच्या राखीव जागेसाठी अर्ज करताना कळते की ती संघटना मान्यताप्राप्तच नाही! तेव्हा पैसे भरण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात: संघटनेला सरकारमान्य राष्ट्रीय महासंघाची मान्यता आहे का? या स्पर्धेसाठी निवड चाचणी झाली का? आणि समोर उतरणारे प्रतिस्पर्धी कोण आहेत? शुल्क भरेल त्याला प्रवेश आणि उतरेल त्याला पदक, असा मामला असेल तर पाकीट खिशातच ठेवावे.

यातला तिसरा प्रश्न सर्वांत मोलाचा. पट्ट्याची किंमत त्यावरच्या सोनेरी पत्र्याने ठरत नाही. तो कोणाला हरवून मिळवला, यावर ठरते. प्रादेशिक पट्ट्यांचाही उपयोग असतो. त्यांच्यामुळे जागतिक क्रमवारीची दारे उघडतात. विजेंदरनेही २०१६ मध्ये दिल्लीत केरी होपला हरवून डब्ल्यूबीओचे आशिया-पॅसिफिक विजेतेपद मिळवले. त्याला जगज्जेतेपद म्हणणे चूक, आणि ते कुचकामी म्हणणेही तितकेच चूक.

५ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबईत विजेंदरने चीनच्या झुल्पिकार मैमैतीअलीला हरवून आणखी एक पट्टा जिंकला. तेव्हा डोकलाममुळे सीमेवर तणाव होता. हा पट्टा आपल्याला नको, दोन देशांच्या मैत्रीसाठी तो प्रतिस्पर्ध्यालाच परत देऊ, असे त्याने जिंकल्यावर जाहीर केले. त्याच्या विजयाची नोंद त्यामुळे पुसली गेली नाही. पट्टा देता येतो, काढून घेता येतो, डब्यातही टाकता येतो. जिंकलेल्या फेऱ्या मात्र कोणत्याही संघटनेला परत मागता येत नाहीत.